मुंगळ्यांची राणी: बरणीत की टेस्ट ट्यूबमध्ये?

पहिल्या पावसानंतर जळगावकडे दिव्याखाली पंखवाले मुंगळे पडतात. त्यातली पंख गळालेली, जाडजूड राणी घरी मुंगळ्यांची वसाहत वाढवायला हाती लागली की प्रश्न येतो, ठेवायची कुठे?

मातीची बरणी दिसायला झकास. बोगदे, दालनं, सगळं काचेआडून. पण राणी नेमकी मधोमध घर करते आणि आपण महिनाभर नुसती माती बघत बसतो. त्यात आपली काळी माती. सुकली की भेगाळते, भिजली की चिखल. गिरणा नदीची वाळू मिसळली तर जरा जमतं.

टेस्ट ट्यूब अगदी साधी. तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस. अंडी, अळ्या, कोष उघड दिसतात. मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत काही खात नाही, पंखांचे स्नायू जिरवून पिल्लं पोसते. म्हणून खाऊ घालायची घाई नको. अंधार मात्र हवाच. मी रोज उचलून बघायचो, तर बाईंनी अंडीच खाऊन टाकली!

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ट्यूब माठाशेजारी ठेवतो. सुरुवातीला माझं मत ट्यूबलाच. पंचवीसेक कामकरी झाल्या की मग खुशाल बरणी.