वर्षाचं धान्य एकदम भरलं, पावसाळा निघाला: काय परवडलं, काय नाही

एप्रिलमध्ये गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल असं बरंच सामान एकदम भरलं होतं, आता दिवाळी पण होऊन गेली. साठवणीची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते म्हणून मुद्दाम आत्ता लिहितेय. आम्ही घरात चौघं, पुण्यात टू बीएचके, लिफ्ट आहे (हे आधी बघा, पोतं जिन्याने वर चढवायचं म्हटलं की हमालीचा आकडा बदलतो).

गव्हाला माझ्याकडून पूर्ण मार्क. मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून क्विंटलभर लोकवन आणला, सोसायटीतल्या तीन घरांत मिळून एकच टेम्पो केला, एकट्याने केला असता तर भाडं आणि हमाली धरून वाचलेले पैसे तिथेच संपले असते. किलोमागे चार-पाच रुपये सुटले, पण मला त्याहून आवडलं ते म्हणजे पोळी इतके महिने एकसारखी येतेय. पोतं उचलायच्या आधी दोन किलो नमुना आणा, दळा, पोळ्या करून डब्यात न्या आणि दुपारी खाऊन बघा, गरम पोळी काय कुठल्याही गव्हाची मऊच लागते. पसंत पडला की लगेच जायचं कारण तोच लॉट पुढच्या आठवड्यात मिळेलच असं नाही. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, नुसता दबला तर ओल आहे, सोडून द्या.

जागेचं गणित कोणी सांगत नाही. क्विंटलभर गव्हाला साधारण 130 लिटरचं पिंप लागतं, आणि ते बाल्कनीत नाही ठेवायचं. आमचं बेडरूमच्या कोपऱ्यात आहे, वर चादर टाकलीय, पाहुणे त्याला टेबल समजतात. गव्हाला कडक ऊन दिलं आणि रात्रभर पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरला, गरम भरला की पिंपात आतून घाम धरतो आणि मग कीड काय, बुरशी पण येते. मध्ये मध्ये सुकवलेला कडुलिंबाचा पाला घातला. सासूबाई पारदाच्या टिकड्या घालतात, मला पाऱ्याच्या नावाची वस्तू खायच्या धान्यात नको वाटली, मी नाही घातल्या. श्रावणात वरच्या थरात थोडे सोंडे दिसले, चाळून परत भरला, त्यानंतर त्रास नाही.

तांदळात एक गंमत आहे. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागला, म्हणून बाजारात 26 आणि 30 किलोच्या बॅगा दिसायला लागल्या. तेव्हा 25 ची आणि 26 ची बॅग असेल तर भाव नीट विचारून घ्या. कोलम साठवला की जुना होतो आणि भात मोकळा होतो, म्हणजे इथे साठवण्याचा डबल फायदा. इंद्रायणी मात्र आम्हाला चिकटच आवडतो, तो लागेल तसाच आणते.

तेलाचा डबा परत नाही घेणार. एक तर डबा 15 किलोचा आहे की 15 लिटरचा ते वाचा, 15 लिटर तेल म्हणजे साडेतेरा किलोच्या थोडंसंच वर, दुकानदार दोघांना पंधराचा डबाच म्हणतो. आणि घरात डबा भरलेला असला की हात सैल सुटतो, भजी काय, पुऱ्या काय, एक लिटरची पिशवी असताना जेवढं पुरायचं तेवढं डब्यातलं पुरत नाही. भाव वाढणार म्हणून भरून ठेवा असं सगळे सांगतात, पण सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरची बेसिक आयात ड्युटी शून्यावरून 20 टक्के केली आणि मे 2025 च्या शेवटी तीच 10 वर आणली, आता यात आपण घरी बसून काय अंदाज बांधणार?

तूरडाळ मस्त टिकली, नवी डाळ बाजारात आल्यावर घेतली होती. मूग, चवळी, वाल वर्षाचे भरू नका, भुंग्याची अंडी शेतातूनच दाण्यावर येतात, तुमचा डबा कितीही घट्ट असू दे. थोडेच आणून काही दिवस फ्रीजरमध्ये टाकले तर वाचतात. रवा, बेसन, पोहे महिन्याचेच. शेंगदाणे पावसाळ्यात खवट होतात आणि बाजरीचं पीठ तर आठवड्यातच कडवट लागायला लागतं.

साबण-पावडरला कीड लागत नाही म्हणून लोक डोळे मिटून मोठा पॅक उचलतात. पाकिटावर बारीक अक्षरात युनिटचा भाव छापलेला असतो तो वाचा ना! आमचा शॅम्पू पुड्यांमध्ये बाटलीपेक्षा स्वस्त पडतो, कपड्यांची पावडर मोठ्या पॅकमध्ये खरंच स्वस्त आहे. एकावर एक फ्री वाल्यात एक्सपायरी बघायची, जवळ आलेलाच माल असतो बरेचदा.

पैशाचं म्हणाल तर एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम जाते आणि त्याच सुमाराला शाळेच्या फिया असतात. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून गहू घेणार असाल तर राहू द्या, वाचलेलं व्याजात जाईल. आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट कधी संपतंय ते बघूनच पिंप भरा, आमच्या शेजारच्यांना घर बदलताना भरलेलं पिंप उचलायचे वेगळे पैसे द्यावे लागले, ते पण घासाघीस करून.