ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेल-फिल्टर संच: कोकणातल्या अंगणात केलेली पारख

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर घरी बदलण्यासाठी जे तयार संच बाजारात मिळतात, त्यांपैकी एक मी कुडाळच्या सुट्या भागांच्या दुकानातून मागवला आणि पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीनंतर, वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या अंगणात वापरला. संचात फिल्टर, त्याची ओ-रिंग (रबरी कडी), चेंबरचे म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टांनी बसवलेल्या तेलाच्या तबकाचे रबरी पॅकिंग, तेल काढून टाकायच्या ड्रेन नटाचा वॉशर, एक लिटरचे तेलाचे चार डबे आणि लांब नळीचे नरसाळे होते. एसटीच्या पार्सलचा खर्च धरून सुमारे 5,200 रुपये पडले. संच घेण्याजोगा आहे हे माझे मत आहे. मात्र तो प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीसाठी नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला ज्या दोन वस्तू हमखास लागतात, म्हणजे चेंबरचे नवे बोल्ट आणि तेल मोजण्याचे भांडे, त्याच त्यात दिलेल्या नाहीत.

तो कोणासाठी आहे हे आधी स्पष्ट व्हायला हवे. दोनच पेडल असलेल्या, क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला आपण सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो, पण आतली यंत्रणा वेगवेगळी असते. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त एएमटी पद्धत रुळली, तिच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो आणि क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्या गिअरबॉक्सला हे लाल तेल लागत नाही आणि हा फिल्टरही त्यात नसतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या यंत्रणेच्या गाडीला तिच्यासाठीच बनवलेले वेगळे तेल लागते. दुहेरी क्लचच्या गाड्यांचेही तसेच. हा संच आहे तो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची शक्ती तेलामार्फत पुढे पोहोचवणारा भाग, असलेल्या गिअरबॉक्ससाठी, आणि त्यातही ज्याला डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) आहे अशा गाडीच्या मालकाला तो घरी वापरणे सोयीचे जाते. डिपस्टिक नसलेल्या, बाजूच्या नटातून तेलाची पातळी पाहायच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे तापमान कंपनीने दिलेल्या अंशांतच असताना तो नट उघडावा लागतो, म्हणून तापमान वाचणारे स्कॅनर हाताशी नसेल तर ते काम गॅरेजवर सोपवावे.

दुकानाबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. फोनवर मी गाडीचे नाव आणि साल सांगितले, तेव्हा त्यांनी तेवढ्यावर संच द्यायला नकार दिला आणि गिअरबॉक्सच्या अंगावरच्या पट्टीचा फोटो मागितला. एकाच नावाच्या, एकाच सालच्या गाडीत दोन प्रकारचे गिअरबॉक्स असू शकतात, त्यांचे फिल्टर दिसायला जवळजवळ सारखे असूनही बसायला वेगळे असतात, आणि चेंबर उघडून ठेवल्यावर चुकीचा फिल्टर हाती आला तर गाडी अंगणातच अडकून पडते. ही काळजी मोठ्या शहरातल्या विक्रेत्यांनीही क्वचित घेतलेली मी पाहिली आहे. सामान दुसऱ्या दिवशी एसटीने वेंगुर्ले स्थानकावर आले. डबे गळू नयेत म्हणून प्रत्येक टोपणाला चिकटपट्टी लावलेली होती.

आता तेलाकडे येतो, कारण संचाच्या किमतीतला मोठा वाटा त्याचाच आहे. डब्यावर माझ्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्या दर्जाचे नाव स्पष्ट छापलेले आहे, ही समाधानाची बाब. बाजारात अजूनही 'डेक्सरॉन तीन' एवढेच लिहिलेली लाल तेले सर्रास मिळतात. वास्तविक जनरल मोटर्सने त्या दर्जाचे परवाने 2006 च्या अखेरीस बंद केले, त्यामुळे आज ते नाव डब्यावर दिसले तरी त्यामागे मूळ कंपनीची तपासणी नसते. नंतर आलेले डेक्सरॉन सहा, किंवा टोयोटाचे डब्ल्यूएस, ही तेले आधीच्या तेलांपेक्षा पातळ आहेत, आणि आतल्या झडपा व क्लच त्या पातळपणाला धरूनच आखलेले असतात. 'सगळ्या गाड्यांना चालते' असे लिहिलेले तेल मी म्हणूनच घेत नाही. या तेलाकडून एकाच वेळी चार कामे अपेक्षित असतात: दाबाने झडपा हलवायच्या, गिअरच्या चाकांचे दाते वंगणात ठेवायचे, उष्णता बाहेर न्यायची आणि क्लचच्या चकत्यांना नेमकी हवी तेवढीच पकड द्यायची. शेवटचे काम तेलातल्या रसायनांवर अवलंबून असते, आणि नुसत्या रंगावरून त्याची पारख होत नाही.

काही कंपन्या हे तेल गाडीच्या आयुष्यभर पुरते असे सांगतात. त्यांच्याच पुस्तिकेत पुढे डोंगराळ रस्ते, ओझे ओढणे आणि सततची उष्णता या 'कठीण वापरा'साठी वेगळा तक्ता दिलेला असतो, आणि कोकणातली गाडी त्या तक्त्यात बसते. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना सुमारे 30 किलोमीटरमध्ये गाडी जवळपास 700 मीटर उंचीच्या गावी पोहोचते. चढावर कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण होत राहते, तिची सगळी उष्णता तेलात उतरते, आणि पुढे ट्रक असेल तर गाडीला वाऱ्याचा गारवाही पुरेसा मिळत नाही. फोंडा, कुंभार्ली, आंबा हे घाट नेहमी चढणाऱ्या गाड्यांची अवस्था याहून वेगळी नाही. दुसरा शत्रू पाणी. गिअरबॉक्सला हवा खेळती राहण्यासाठी वर एक लहान वाट असते आणि गाडी बुडाली की तिथून पाणी आत जाते. क्लचच्या चकत्यांवरचा कागदी थर डिंकाने बसवलेला असतो, पाण्याने तो सुटू लागतो. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एखादी ऑटोमॅटिक तुम्ही जुन्या बाजारात विकत घेत असाल, तर डिपस्टिक ओढून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. निरोगी तेल पारदर्शक लाल किंवा तपकिरी असते. ते सोलकढीसारखे दुधाळ गुलाबी दिसले, तर आत पाणी किंवा कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) मिसळलेले आहे.

घरी काम करण्यातली पहिली अडचण संचाशी संबंधित नाही, ती आपल्या जमिनीची आहे. कोकणातली अंगणे उतारावर भर घालून केलेली असतात, आणि शेणाने सारवलेल्या मातीत जॅक रुततो. जॅक आणि स्टँड यांच्याखाली जाड फळ्या घालाव्यात, आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. पातळी पाहताना गाडी सर्व बाजूंनी समतल असावी लागते. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी चारही चाकांपाशी लावून पाहिली की अंदाजाला जागा उरत नाही.

चेंबरचे बोल्ट ही किनाऱ्यावरची खरी परीक्षा. खाऱ्या वाऱ्याने त्यांची डोकी गंजून लहान होतात, त्यावर सैल पाना घसरला की कडा गोल होतात आणि मग बोल्ट निघता निघत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारा फवारा मारून ठेवावा, सहा कोनांचाच सॉकेट वापरावा आणि बोल्ट एकदम न फिरवता थोडा मागे, थोडा पुढे असा सोडवावा. माझे तीन बोल्ट पुन्हा लावण्याच्या स्थितीत नव्हते. संच बनवणाऱ्या कंपनीने चार-दोन बोल्ट आत टाकले असते तर किमतीत फारसा फरक पडला नसता. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या सगळ्या किनारपट्टीवर हाच माल जात असताना ही उणीव खटकते. दुकानदाराने ते फोनवर विचारून आधीच वेगळे पाठवले होते, म्हणून काम अडले नाही.

तेल घमेल्यात काढताना ते कोमट असावे, कढत नसावे. चेंबर उतरल्यावर तळाशी बसवलेले लोहचुंबक पाहावे. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप असणे ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे असतील तर तेल बदलून दुखणे बरे होणार नाही. आमच्या चुंबकांवर लेपच होता. फिल्टर काढताना त्याची जुनी ओ-रिंग अनेकदा वरच्या भोकातच चिकटून राहते. ती तिथे राहून वर नवी बसवली, तर फिल्टर नीट बसत नाही, पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि गाडी पुढे सरकायला टाळाटाळ करते. टॉर्चच्या उजेडात ते भोक पाहणे हा या कामातला सर्वांत मोलाचा क्षण समजावा. संचातला फिल्टर जुन्याशी ताडून पाहिला: नळीची उंची, बोल्टांची जागा, जाळीची बाजू, सगळे तंतोतंत जुळले. ओ-रिंगचे रबर लवचीक होते, कडा स्वच्छ होत्या.

पॅकिंगचा दर्जा मला संचातला सर्वोत्तम भाग वाटला. बोल्टांच्या भोकांभोवती त्यात धातूच्या बारीक कड्या आहेत, त्यामुळे बोल्ट जास्त आवळला तरी रबर बाहेर पिळले जात नाही. असे पॅकिंग कोरडेच बसवायचे असते; त्यावर सिलिकॉन फासण्याची आपल्याकडची सवय इथे घातक आहे, कारण सुटलेला कण थेट फिल्टरपर्यंत पोहोचतो. हे बोल्ट बारीक असतात, अनेक गिअरबॉक्समध्ये ते साधारण 7 ते 12 न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने आवळायचे असतात, म्हणजे मनगटाची सहज ताकदही जास्त होऊ शकते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना) वापरून, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. संचातल्या कागदावर आकडे आहेत, पण ते फक्त इंग्रजीत आणि फार बारीक अक्षरात आहेत.

भरायचे किती, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर एकच: जेवढे निघाले तेवढे. म्हणूनच मोजण्याच्या भांड्याचा मी आग्रह धरतो. आमच्या गाडीतून तीन लिटरांपेक्षा थोडे जास्त निघाले आणि तेवढेच नवे आधी भरले. मग इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, लिव्हर प्रत्येक खुणेवर थोडा थांबवत फिरवला, परत 'पी'वर आणला आणि गाडी फिरवून तेल तापल्यावर, इंजिन चालू असतानाच, डिपस्टिकच्या गरम खुणेवर पातळी पाहिली. तेल तापले की फुगते, त्यामुळे थंड गाडीत गरम खुणेपर्यंत भरले तर ते जास्त होते, फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो आणि फेसाने दाब टिकत नाही. संचातल्या नरसाळ्याची नळी मात्र डिपस्टिकच्या नळीत जात नाही, ती जाड आहे. मला घरातली बारीक नळी जोडावी लागली. तेल ओतताना धूळ आत जाऊ नये ही या कामातली पहिली अट असताना असा जोड लावावा लागणे बरोबर नाही.

निघालेल्या तेलाचा विचार संचाच्या कागदावर एका ओळीत उरकला आहे, आपल्याला तो तसा उरकता येणार नाही. जांभा सच्छिद्र असतो. परसात ओतलेले तेल पावसाबरोबर झिरपून विहिरीत किंवा व्हाळात उतरते, आणि आपण तेच पाणी पितो. घातक कचऱ्याबद्दलच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. रिकाम्या झालेल्या त्याच डब्यांत ते भरून, टोपण घट्ट लावून, तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवावे. कुडाळच्या या दुकानाने माझे डबे परत घेतले आणि त्याचे पैसे मागितले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवतो.

गाडीतला फरक सकाळी, थंड असताना, पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना जाणवला. आधी जो हलका धक्का बसत असे तो आता बसत नाही. घाटात अजून तितकासा फरक नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: चेंबर उघडल्याने निम्मेच तेल निघते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहते. निम्मे-निम्मे धरले तर दुसऱ्या वेळी बदलल्यावर सुमारे 75 टक्के तेल नवे होते. त्या दुसऱ्या बदलाला चेंबर उतरवावा लागत नाही, ड्रेन नट सोडून तेल काढले की पुरते, म्हणून फिल्टर-पॅकिंगसह संपूर्ण संच पुन्हा घेऊ नये. याच तेलाचे सुटे डबे आणि नटाचा वॉशर दुकानात वेगळे मिळतात, आणि न उघडलेला डबा उरला तर ते परतही घेतात.