गिटारवाल्याच्या हातात पाच तारांचा बँजो: आठ महिन्यांनंतर

आधी एक खुलासा. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, जपानी ताइशोगोतोचं इथलं रूप. इथे लिहितोय ते अमेरिकी पाच तारांच्या बँजोबद्दल. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी हे वाद्य तिकडे घडवलं आणि पुढे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीने ते गाजवलं. हातातलं वाद्य ओपन-बॅक, म्हणजे मागे झाकण नसलेलं: मेपलचा रिम (गोल लाकडी कडं), त्यावर 11 इंची मायलर हेड (प्लास्टिकचा ताणलेला पडदा), तो ताणणारे 16 हुक, वजन दोन किलोच्या आसपास. वापर आठ महिने, रोज साधारण पाऊण तास.

वर्षानुवर्षं गिटार वाजवणाऱ्याला डाव्या हाताचं काम जवळजवळ आयतं मिळतं. ओपन जी ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारांतूनच जी कॉर्ड वाजेल अशी जुळणी) चौथी, तिसरी, दुसरी तार म्हणजे डी, जी, बी, थेट गिटारच्याच. पहिली तेवढी ईऐवजी डी. म्हणून ओळखीच्या सी कॉर्डमध्ये पहिल्या तारेवर दुसरा फ्रेट जास्तीचा दाबायचा, बाकी सगळं तसंच. मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर, पाचव्या फ्रेटवर आडवं बोट टाकलं की सी, सातव्यावर डी. आठवड्याभरात गाण्याला साथ करता येते. फक्त दाब कमी करायला हवा. तारा बारीक आहेत. गिटारच्या सवयीने दाबल्या तर सूर चढतो आणि दोष ट्यूनिंगचा वाटत राहतो.

खरं शिकणं उजव्या हाताचं आहे आणि ते शून्यापासून करावं लागतं. फिंगरस्टाइल गिटारमध्ये अंगठा जाड तारा सांभाळतो. इथे अंगठ्याच्या सगळ्यात जवळ असलेली पाचवी तार सर्वांत उंच सुराची आहे. ती पाचव्या फ्रेटपासून सुरू होते आणि वरचा जी सतत वाजता ठेवते. सतारीची चिकारी ज्यांच्या कानात आहे त्यांना तिचं काम लगेच कळेल. गिटारवाल्याचा अंगठा मात्र बेस शोधत तिथे जातो आणि दचकतो. ही सवय सुटायला दोन महिने धरा.

बँजोवादक अर्ल स्क्रग्ज 1945 मध्ये बिल मन्रो यांच्या ब्लूग्रास बँडमध्ये आले आणि त्यांची तीन बोटांची पद्धत घरोघरी पोहोचली. तिचा पाया म्हणजे रोल, ठरावीक क्रमाने तारा छेडायचा आठ सुरांचा साचा. फॉरवर्ड रोल असा: तारा 3-2-1-5-2-1-5-1, बोटं अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. मात्रा आठच, केरव्याइतक्या, पण वजन पडतं तीन-तीन-दोनवर. मेट्रोनोम 60 ला लावा, एका ठोक्याला दोन सूर. शेवटचं ‘दोन’ जवळजवळ सगळ्यांचं घाईत येतं, कारण हात तिसऱ्या ‘तीन’ची वाट बघत असतो. आठही सूर सारख्या अंतराने येईपर्यंत वेग वाढवू नका. मग एकदम असा क्षण येतो की बोटं मोजणं सोडतात आणि रोल आपोआप फिरू लागतो, चाळणीतून पाणी पडावं तसा. त्यासाठी महिनाभर एकच रोल घोटावा लागला तरी चालेल. पुढचा रोल अल्टरनेटिंग थम (दर दुसरा सूर अंगठ्याचा), 3-2-5-1-4-2-5-1, त्या मानाने लवकर बसतो.

तर्जनीत आणि मधल्या बोटात तार छेडायचे धातूचे पिक (नख्या), अंगठ्यात प्लास्टिकचा. पिकचं पातं नखावर घालायचं नाही, बोटाच्या मांसल बाजूला यायला हवं. नवा पिक सरळ असतो. तो बोटाच्या गोलाईप्रमाणे वाकवला नाही तर तारेला खरवडल्यासारखा आवाज येतो. करंगळी, जमल्यास अनामिकाही, हेडवर टेकवून ठेवा. पहिल्या महिन्यात ती सारखी उचलली जाते आणि ती उचलली की नेम चुकतो.

वाद्याची देखभाल गिटारसारखी नाही, तबल्याच्या जवळची आहे. हेड ढिलं पडलं की आवाज बसतो, घोडी खाली दबते आणि तारा फ्रेटवर खरखरतात. तबला लावताना जसे समोरासमोरच्या घरांवर घाव घालतो, तसे समोरासमोरचे हुक आवळायचे, एका वेळी हुकच्या नटाचा अष्टमांश फेरा. एकाच बाजूने आवळत गेलात तर हेड ताणणारी रिमवरची कडी तिरकी बसते आणि हेड काठाला फाटतं. तारा हाताने दाबून हेडवर काठाजवळ टिचकी मारा; सगळीकडून एकच सूर, जी ते जी शार्पच्या आसपास, आला की थांबा.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नका आणि तिच्या पायांभोवती पेन्सिलने खूण करून ठेवा. 26¼ इंची स्केलवर (तारेची वाजती लांबी) नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बारावा फ्रेट साधारण 333 मिमी, तिथून घोडी तेवढीच किंवा एक-दोन मिमी जास्त. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर घोडी शेपटाकडे, उतरलेला असेल तर मानेकडे.

आपल्या दमट हवेत मायलर कातड्यासारखं उतरत नाही, तारा मात्र गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. बँजोच्या टोकाला फास असलेल्या तारा साध्या दुकानात क्वचितच मिळतात. गिटारच्या सुट्या तारा चालतात (जाडी इंचाच्या हजारांशांत): 10, 11, 13 साध्या, चौथीसाठी 20 किंवा 21 गुंडाळलेली, पाचवीला 9 किंवा 10. टोकाची पितळी गोळी पकडीने चेपून काढली की तिथे फास उरतो.

कॅपो, म्हणजे तारा एका फ्रेटवर दाबून पट्टी चढवणारा चिमटा, चारच तारांवर बसतो, ही अडचण विकत घेण्याआधी लक्षात ठेवा. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की पाचवी तार ए पर्यंत खुंटीने चढवता येते. त्याच्या वर जायचं तर सातव्या, नवव्या फ्रेटजवळ पाचवी तार अडकवायला छोटे खिळे ठोकून घ्यावे लागतात आणि ते जाणकाराकडूनच. फ्लॅटमध्ये वाजवणार असाल तर हेडच्या मागे, आतल्या दांड्याखाली एक जुना नॅपकिन कोंबा. आवाज निम्म्यावर येतो आणि रोलमधल्या चुकाही स्वच्छ ऐकू येतात. दुकानात वाद्य बघताना सगळ्यात आधी पाचवी खुंटी फिरवा. ती गिअरची नसून नुसत्या घर्षणावर धरणारी असेल तर दुसरं वाद्य दाखवायला सांगा.