राणीच्या जन्माआधीचं पिस्तूल

एक लाख बत्तीस हजार. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचताना तुमचं लक्ष त्याच्याकडेच लागून राहील. त्यातले 92 हजार एका पिस्तुलापायी गेले आणि 40 हजार त्या पिस्तुलाच्या भीतीपायी. पहिल्या रकमेची लाज वाटते, दुसरीचा संताप येतो.

मी बँकेतून निवृत्त झालो, राहायला नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात. शस्त्राचा परवाना माझ्याकडे नाही, कधी मागितलाही नाही. तरी जुन्या पिस्तुलांचं वेड चाळीसेक वर्षांचं. त्याची लागण आजोळी झाली, भंडाऱ्याकडच्या मालगुजारी वाड्यात. मामांकडे परवान्याचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर होतं, .32 बोअरचं. दिवाळीच्या सुट्टीत ते पुसायला काढत. बाजूची कळ दाबली की नळी पुढे झुकायची आणि सहाही घरं एकदम उघडी पडायची. मामा गोळ्या आधीच काढून कुलपात ठेवत, मग आम्हा पोरांना जवळ बसू देत. तेलाचा तो वास अजून नाकात आहे. पुढे पुस्तकं जमवली, अजब बंगल्यातल्या, म्हणजे इथल्या जुन्या संग्रहालयातल्या, शस्त्रांच्या दालनात रविवार घालवले, कोल्टचं पेटंट 1836 चं की 1835 चं यावर लोकांशी वाद घातले. (दोन्ही खरं. इंग्लंडातलं आधीचं, अमेरिकेतलं नंतरचं.) थोडक्यात, मला कळतं असा माझा समज होता. तो समजच त्या माणसाने हेरला.

जुन्या नाण्यांच्या ओळखीतून त्याचा फोन आला. पस्तिशीतला, बोलणं अगदी गरीब. "सर, उमरेडकडे एक वाडा पाडून राहिले. दारं, हंडे, गंगाळं सगळं गेलं. हे एक उरलं. मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच पाहून सांगा." सोबत तीन फोटो. ठासणीचं पिस्तूल, पितळी मूठ, नळीवर मुकुट आणि खाली 1817.

नागपूरच्या माणसाला 1817 दाखवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817, बर्डीची, म्हणजे सीताबर्डीची लढाई. आप्पासाहेब भोसल्यांची फौज, त्यातले अरब शिपाई, टेकडीवर कंपनीची तुकडी, रेसिडेंट जेंकिन्स. आम्ही हे शाळेत नाही शिकलो, घरात ऐकलं. मी फोनवर त्याला पंधरा मिनिटं ही लढाई सांगितली. तो "हो का सर", "बाप रे" करत राहिला.

दोन दिवसांनी सक्करदऱ्याजवळ तर्री पोहे खाता खाता भेटलो. जुन्या चोपड्यांना असतं तसल्या लाल खारव्याच्या कापडात त्याने पिस्तूल गुंडाळून आणलं होतं. उलगडताना म्हणाला, "म्हातारी सांगत होती, यांचे पणजोबा बर्डीच्या लढाईत अरबांसंगं होते. टेकडीवरून हे आणलं म्हणे." माझ्या अंगावर काटा आला. आज तो काटा आठवला की स्वतःला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात, कारण अरब आणि टेकडी हे मीच त्याला फोनवर पुरवलं होतं. माझाच माल त्याने मला परत विकला, वर पोह्यांचे पैसेही मीच दिले.

आता ती गोष्ट, जी मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आणि तरी पाहिली नाही. मुकुटाखाली इंग्रजीत दोन अक्षरं होती, व्ही आणि आर. व्हिक्टोरिया रेजिना. राणी व्हिक्टोरिया गादीवर आली 1837 साली. जन्मली 1819 साली. म्हणजे माझ्या हातातलं पिस्तूल राणी जन्मायच्या दोन वर्षं आधी तिचं नाव घालून बसलं होतं. चाळीस वर्षांचा अभ्यास, आणि मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणालो, "वा! शिक्का अगदी स्पष्ट आहे."

दुसरी गोष्ट त्याहून ढोबळ. त्या पिस्तुलाला चकमक नव्हती, टोपीचा घोडा होता, म्हणजे दारूची छोटी टोपी फोडून बार पेटवणारा. फॉर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट 1807 साली घेतलं खरं, पण तांब्याची टोपी बाजारात रुळली ती 1820 च्या दशकात, आणि इंग्रजांच्या फौजेने ती स्वीकारली आणखी पुढे, 1830 चं दशक सरता सरता. 1817 च्या बर्डीवर सगळे चकमकीवर किंवा तोड्यावर, म्हणजे जळत्या वातीवर, लढले. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी मनातल्या मनात विक्रेत्याची वकिली केली: मूळचं चकमकीचं असेल, नंतर टोपीचं करून घेतलं असेल. असं खरंच करत. पण मग जुन्या दारूच्या वाटीची आणि चकमकीपुढच्या पोलादी पट्टीची भोकं बुजवलेली दिसायला हवीत. ती पाहायची तर पिस्तूल उजेडात धरायला हवं होतं. मी ते छातीशी धरलं होतं.

1 लाख 80 हजारांपासून सुरुवात होऊन सौदा 92 हजारांवर तुटला. 20 हजार यूपीआयने, 72 हजार रोख. रोखीचा आग्रह त्याचा, म्हातारीचं बँक खातं नाही म्हणे. परवान्याचं मी विचारलं, अगदीच नाही असं नाही. त्याने शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र काढलं: सदर वस्तू पुरातन असून शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 नुसार परवान्याची गरज नाही. गोल शिक्का, लाल सील. बँकेत आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की नोटरीने सही खरी ठरते, मजकूर खरा ठरत नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो.

कलम 45 काय म्हणतं ते मी नंतर शांतपणे वाचलं. जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र सुटतं ते एका अटीवर: दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून चालता कामा नये. वयाची अट तिथे नाहीच. आपण इंग्रजी पुस्तकं वाचून गोंधळतो. अमेरिकेत 1898 पर्यंत बनलेली शस्त्रं तिथल्या केंद्रीय कायद्याने पुरातन धरतात. आपल्याकडे दोनशे वर्षांचं ठासणीचं पिस्तूलही जर वाजू शकत असेल तर त्याला परवाना लागतो, आणि परवान्यावरही 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच बंदुका ठेवता येतात. शिवाय शंभर वर्षांवरच्या वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला पुरावशेषांच्या 1972 च्या कायद्याखाली स्वतःचा वेगळा परवाना हवा. मी त्याला तो मागितलाच नाही.

पिस्तूल आठ दिवस माझ्या कपाटात होतं. रोज रात्री काढून पाहायचो. मूठ पुसायच्या फडक्यावर तपकिरी डाग पडायचा आणि वास यायचा, ओळखीचा. हिने एकदा हुंगून सांगितलं, "अहो, हे बूट पॉलिश आहे." मी म्हटलं, जुन्या वस्तूंना मेण लावतात.

नवव्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे नकाशा, हिंदीत बोलणं. नागपुरात हिंदीचं कोणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नाही. क्राईम ब्रँचमधून बोलतोय, विकणारा पकडला गेलाय, त्याने तुमचं नाव दिलंय. "बिना लायसन्स का हथियार है आपके पास. अंदर जाओगे." मला घाम फुटला. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पेपरात नाव, मुलीच्या सासरी काय सांगायचं, पेन्शनचं काय होईल, हे सगळं दहा सेकंदांत डोक्यातून गेलं. "मॅटर सेटल" करायचे दीड लाख. मी रडकुंडीला येऊन 40 हजार पाठवले. बाकीच्यासाठी चार दिवस मागितले. ते त्याने मोठ्या उदारपणे दिले.

चार दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी हिने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. ती ओरडली नाही. तिने मला तो फोन जसाच्या तसा परत सांगायला लावला. दोन ठिकाणी थांबवलं. "72 हजार रोख दिलेत हे त्याला कोणी सांगितलं? तुम्ही तर मलाही साठ सांगितले होते." मग, "पिस्तुलाचा नंबर आमच्याकडे आहे म्हणाला ना? काढा बरं, कुठे आहे नंबर?" काढलं. वरून, खालून, आतून पाहिलं. मुकुट होता, राणी होती, साल होतं. नंबर कुठेच नव्हता. त्या काळच्या ठासणीच्या पिस्तुलांवर तो बहुधा नसतोच, हे मला माहीत असायला हवं होतं, तिला नव्हे.

विकणारा आणि वर्दीवाला एकाच ताटात जेवणारे. पहिला सौदा हा फक्त आमिष लावायचा खर्च. खरी कमाई दुसऱ्या फोनमध्ये, कारण बेकायदा शस्त्र घरात आहे असं ज्याला वाटतं तो पोलिसांत जात नाही. फसलेल्या किती जणांनी कपाट बंद करून गप्प बसणं पत्करलं असेल कोण जाणे.

भाचा वकील आहे. त्याने पहिलं बजावलं की पिस्तूल पिशवीत टाकून ठाण्यात जायचं नाही. आधी लेखी अर्ज, त्यात सगळं खरं, वस्तू घरी आहे हेही. पोलीस घरी आले, पंचनामा केला. आमच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून शस्त्रागारातल्या एका वयस्क हवालदाराने पिस्तूल हातात घेतलं. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात चांगली वीस मिनिटं ती, आणि सगळ्यात वाईटही.

त्यांनी नळीत टॉर्च मारला. "काका, पाहा." चार बोटं भोक, पुढे भरीव. मग टोपी बसवायची जी छोटी नळी असते, जिला निपल म्हणतात, त्यात टाचणी घालायचा प्रयत्न केला. टाचणी शिरेना. भोकच नव्हतं. टोपीची ठिणगी दारूपर्यंत जाणार कुठून? मग घोड्याच्या बाजूची पट्टी सोडवली. खऱ्या पिस्तुलात तिथे चपट्या पोलादाची दुमडलेली पट्टी असते, हाताने घडवलेली, तीच स्प्रिंग. आमच्यात दरवाज्याच्या कडीला असते तसली तारेची गुंडाळी निघाली. कडेला वेल्डिंगचे थेंब, पितळेवर ग्राइंडरच्या रेघा. गंज मात्र सगळीकडे सारखा, तांदूळ पसरावेत तसा. "ॲसिडचा आहे," ते म्हणाले. खरा गंज निपलच्या भोवती जास्त खातो, कारण टोपीची आणि दारूची राख तिथे साचते, ओल धरते. बाकी नळी कधी कधी चांगली असते.

"मग हे शस्त्र नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही काका. भिंतीवर टांगायचं आहे. हजार-बाराशेला भेटते."

म्हणजे ज्या गुन्ह्याच्या भीतीने मी 40 हजार दिले तो गुन्हा घडलाच नव्हता, कारण वस्तूच खोटी. अस्सल मिळालं असतं तर मात्र खरोखर अडकलो असतो. हवालदार हसले नाहीत, याबद्दल त्यांचे उपकार. उलट पट्टी परत बसवताना म्हणाले, "शिक्का चांगला मारला आहे पण."

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार त्याच संध्याकाळी नोंदवली. 40 हजार पाठवल्याला पाच दिवस होऊन गेले होते. पहिल्या तासाभरात फोन केला असता तर बहुतेक रक्कम रोखता आली असती, असं पलीकडच्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं. एका खात्यात साडेसहा हजार अडकवले गेले. बाकीचे खात्याखात्यांतून निघून गेले.

हे लिहायचं कारण गेल्या आठवड्यातलं. अमरावतीच्या एका मित्राने मोबाइलवर फोटो पाठवला. परतवाड्याकडचा वाडा पडतोय, म्हातारी आहे, विकणाऱ्याला यातलं काही कळत नाही. टोपीचा घोडा तोच, पितळी मूठ तीच, गंज तसाच तांदळासारखा. फक्त नळीवर 1803 होतं. गाविलगडची लढाई, डिसेंबर 1803. माझ्या मित्राला गाविलगडावर बोलायला लागला की थांबवता येत नाही, हे त्या माणसाला कसं कळलं ते मी विचारलं नाही. फोटो मोठा करून पाहिला. मुकुट, आणि खाली व्ही आर.

मित्राला म्हटलं, भाव करू नकोस, शिवी देऊ नकोस. निपलचा वरून, उन्हात काढलेला एक फोटो माग फक्त. आणि चॅट आहे तशी जपून ठेव, ती ठाण्यात द्यायची आहे.

त्याने मागितला. दोन निळ्या खुणा आल्या. मग त्या नंबरचा फोटो दिसेनासा झाला.