लग्नाची जुनी कॅसेट: डीव्हीडी रेकॉर्डर दुरुस्त करावा, कॅप्चर कार्ड घ्यावं, की स्टुडिओत द्यावी?

आत्याच्या लग्नाची कॅसेट १९९१ची आहे. मांडव किल्लारीजवळच्या आमच्या गावी, वाड्यासमोरच पडला होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि दगड-मातीचा, माळवदाचा तो वाडा बसला. आमची ढाळज, म्हणजे दारातली बैठकीची जागा, आता फक्त त्या कॅसेटमध्ये दिसते. आजीच्या तोंडची हळदीची गाणीही तिथंच ऐकू येतात.

ही कॅसेट डीव्हीडीवर घ्यायला बसलो, तर रेकॉर्डरनं पाचव्या मिनिटाला ‘कॉपी प्रोटेक्टेड’ म्हणत रेकॉर्डिंग थांबवलं. घरच्या लग्नाची कॅसेट, तिला कॉपीबंदी कसली? गेल्या महिन्यात निलंग्याच्या दाजींनीही हेच विचारलं, शिवाय नवं काय घ्यावं तेही विचारलं. त्यांना जे सांगितलं ते सविस्तर लिहितो.

खर्च करण्याआधी बिघाड नेमका कुठं आहे ते बघा. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारं मशीन, काढून सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना रेकॉर्डरला लावा आणि नव्या कोऱ्या डिस्कवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा. हे नीट झालं तर रेकॉर्डर ठणठणीत आहे, दुखणं कॅसेटचं किंवा व्हीसीआरचं आहे. चित्रच आलं नाही तर रिमोटवरचं इनपुट तपासा. वायर मागे लावलेली असते आणि निवड पुढच्या इनपुटची झालेली असते, हे फार घरांत होतं. चित्र दिसतं पण डिस्कवर उतरत नाही, तर वेगळ्या कंपनीची डिस्क लावून बघा. दोन-तीन चांगल्या डिस्कही नाकारल्या, तर धूळ नाहीतर थकलेली लेझर. सिनेमाची डीव्हीडी चालते म्हणून लेझर चांगली, असं समजू नका. वाचायला थोडी शक्ती पुरते, लिहायला कितीतरी जास्त लागते.

आता त्या ‘कॉपी प्रोटेक्टेड’बद्दल. सिनेमांच्या विकत मिळणाऱ्या कॅसेटमध्ये मॅक्रोव्हिजन नावाची व्यवस्था असायची. एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या न दिसणाऱ्या पट्टीत खोटे झटके भरलेले असत, त्यांनी रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं प्रकाशाचं गणित बिघडे. जुन्या कॅसेटचा सिग्नल त्याच पट्टीत फाटका झाला की रेकॉर्डरला तो बंदीच्याच खुणेचा सिग्नल वाटतो. म्हणजे मशीन बिघडलेलं नसतं, फसलेलं असतं. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं नेऊन पूर्ण मागं आणा, व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) साफ करून घ्या, ट्रॅकिंग (हेड टेपच्या रेषेवर नीट आणणारी सोय) जुळवा, जमलं तर दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा. आमचं काम दुसऱ्या व्हीसीआरवर झालं. कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती कोणत्याच मशीनमध्ये घालू नका, तशीच जाणकाराकडे न्या.

रेकॉर्डर चांगला निघाला, तरी डीव्हीडीवरच घ्यावं का? दोन-चार छोट्या कॅसेट असतील आणि आई-बाबांना टीव्हीसमोर बसून रिमोटनं बघायचं असेल, तर हो. कॉम्प्युटर लागत नाही, बटण दाबलं की काम सुरू. पण ४.७ जीबीच्या डिस्कवर एसपी मोडमध्ये, म्हणजे नेहमीच्या दर्जात, दोन तास बसतात आणि लग्नाची ई-१८० कॅसेट तीन तासांची असते. एलपीवर, म्हणजे कमी दर्जात, चार तास बसतात, पण चित्र मऊ पडतं आणि मांडवातल्या गर्दीतले चेहरे पुसट होतात. त्यापेक्षा एसपीवर दोन डिस्क करा. काही मशीनमध्ये उरलेल्या वेळेइतकाच दर्जा बसवणारा फ्लेक्झिबल मोड असतो, तो असेल तर वापरा. डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) डिस्क शेवटी फायनलाइज, म्हणजे मेनूतून बंदिस्त, केल्याशिवाय दुसऱ्या प्लेअरवर चालत नाही, आणि फायनलाइज होत असताना लाइट गेली की डिस्क बहुधा वाया जाते. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर रेकॉर्डर लावूच नका. उन्हाळ्यात बंद शोकेसमध्ये ठेवूनही लावू नका, मशीन तापून अडखळतं.

लेझर गेलेली असेल, तर नवी बसवण्यावर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सुटा भाग जुन्या दुसऱ्या मशीनमधूनच काढलेला मिळतो आणि तोही तितकाच थकलेला असू शकतो. तरीही मशीन भंगारात देऊ नका, त्याचा एक उपयोग फार थोड्यांना माहीत आहे. व्हीसीआरची वायर रेकॉर्डरच्या इनपुटला लावा, रेकॉर्डरच्या आउटपुटची वायर कॉम्प्युटरच्या कॅप्चर कार्डला (बाहेरचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवणाऱ्या यंत्राला), आणि डिस्क घालूच नका. काही रेकॉर्डर आत आलेला हलता सिग्नल सावरून बाहेर सोडतात, वाकडं होणारं, थरथरणारं चित्र सरळ होतं. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे मॉडेल कॅसेट डिजिटल करणारे लोक आजही याच कामासाठी शोधतात. तुमचं मॉडेल हे करतं की नाही ते दहा मिनिटांत कळतं.

दाजींना मी यूएसबी कॅप्चर कार्डच सुचवलं. त्यांच्याकडे कॅसेट पंधरा, घरात पोराचा लॅपटॉप. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस हा मोफत प्रोग्रॅम चालतो. भारतातल्या कॅसेट पाल या टीव्ही-सिग्नलच्या पद्धतीच्या, म्हणून चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६ ठेवायचा. पाहुण्यांनी अमेरिकेतून पाठवलेली असेल तर तिथली एनटीएससी पद्धत निवडायची. ८ एमबीपीएसवर (सेकंदाला ८ मेगाबिट) तासाला साधारण ३.६ जीबी जागा लागते. फाइल एमकेव्ही प्रकारात घ्या, एमपी४मध्ये नको. मधेच काही बंद पडलं तरी एमकेव्हीचा तोवरचा भाग हाती राहतो. लाइट गेली की व्हीसीआर थांबतो, पण लॅपटॉप बॅटरीवर चालत असतो, पुन्हा तिथून पुढं सुरू करता येतं. अडचण एकच: अगदी स्वस्त कार्डं मधली चित्रं गाळतात आणि तासाभरानं ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. म्हणून पहिली कॅसेट पूर्ण करून शेवटची दहा मिनिटं नीट बघा, मगच बाकीच्या घ्या.

स्टुडिओ सोपा आहे. लातूर, नांदेड, संभाजीनगरात लग्नाचं शूटिंग करणारे हे काम करतात, आणि एकच कॅसेट असेल किंवा घरात व्हीसीआरच नसेल तर तिथंच द्यावी. फुनाईनं जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवा मिळत नाही. पण देताना दोन गोष्टी कबूल करून घ्या. फाइल पेनड्राइव्हवर हवी, नुसती डीव्हीडी नको. आणि मूळ आवाजावर सिनेमाचं गाणं चढवायचं नाही. आमच्या ओळखीत एका घरची हळदीची गाणी अशीच कायमची गेली.

दाजींच्या पंधरापैकी अकरा कॅसेट झाल्या. उरलेल्या चारांपैकी एकीच्या कडेला पांढरं दिसलं, ती त्यांनी कापडात गुंडाळून बाजूला ठेवली आहे.