बक क्लेटनची ध्वनिमुद्रणे : आठ महिन्यांच्या श्रवणानंतर

गेले आठ महिने मी बक क्लेटन या अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाची ध्वनिमुद्रणे जवळजवळ रोज ऐकतो आहे, आणि पहिल्या महिन्यात त्याच्याविषयी बनवलेले मत आता मला मागे घ्यावे लागत आहे. लुई आर्मस्ट्राँग आणि रॉय एल्ड्रिज या ट्रम्पेटवादकांच्या उंच, पेटलेल्या स्वरांना सरावलेल्या माझ्या कानांना तो आरंभी फिका आणि जरा अतिसभ्य वाटला होता.

मत बदलले ते २५ जानेवारी १९३७ च्या ध्वनिमुद्रणांमुळे. पियानोवादक टेडी विल्सनच्या नावावर निघालेल्या त्या तबकड्यांत बिली हॉलिडे गाते, लेस्टर यंग टेनर सॅक्सोफोन वाजवतो आणि ट्रम्पेट क्लेटनचा आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच वेळ मिळे, त्यामुळे वादकाच्या वाट्याला जेमतेम काही आवर्तने येत. तेवढ्या जागेत क्लेटन गाण्याची चाल न मोडता, एखादा स्वर किंचित उशिरा ठेवून, ती स्वतःची करून घेतो. आपल्याकडे चांगला हार्मोनियमवादक गायकाच्या दोन ओळींमधली जागा भरतो, पण तिच्यावर हक्क सांगत नाही. साथीची ती जाण मला येथे ओळखीची वाटली.

त्याचा खरा ठसा कप-म्यूट लावलेल्या वादनात आहे. ट्रम्पेटच्या पुढच्या, रुंद तोंडात बसवलेल्या या वाटीसारख्या साधनाने धातूची धार बोथट होते आणि स्वर जवळून, खालच्या पट्टीत बोलल्यासारखा येतो. क्लेटन ज्यात वाजवत असे त्या, पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील ‘जंपिन ॲट द वुडसाइड’ (१९३८) मध्ये सारा ताफा धावत असताना हा आवाज घाई न करता मध्ये येतो. त्याच वर्षीची ‘कॅन्सस सिटी सिक्स’ या नावाची ध्वनिमुद्रणे मात्र मी सर्वांत अधिक वेळा ऐकली. त्यांत पियानोच नाही. लेस्टर यंग बहुतांशी क्लॅरिनेट हाती घेतो, एडी डरहॅम तेव्हा नवलाची असलेली विजेची गिटार वाजवतो, आणि पियानोअभावी मोकळ्या राहिलेल्या जागेत क्लेटनचा प्रत्येक स्वर कोठे सुरू होतो आणि कोठे विरतो हे स्वच्छ कळते. चाळिसाव्या वेळी ऐकतानाही मला त्यात काही कमी करता येईल असे वाटले नाही.

बेसीकडे येण्यापूर्वी, १९३४ पासून तो काही काळ शांघायच्या कॅनिड्रोम बॉलरूममध्ये स्वतःचा ताफा घेऊन वाजवत होता. त्याला तेथे नेण्यात ज्याचा हात होता तो पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे आणि १९४५ मध्ये कोलकात्यात वारला. क्लेटन स्वतः मुंबईला आला असता तर, असा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. त्याला अर्थ नाही हे मलाही कळते.

डिसेंबर १९५३ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी सुरू झालेल्या ‘जॅम सेशन’ (वादकांनी जमून ऐनवेळी सुचेल तसे वाजवणे) ध्वनिमुद्रिकांबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. जास्त वेळ मावणाऱ्या लाँगप्ले तबकडीमुळे ‘हकलबक’ ही रचना तब्बल वीस मिनिटे चालते. जो जोन्सचे ड्रम, वॉल्टर पेजचा बास आणि फ्रेडी ग्रीनची गिटार हा बेसीकडचा जुना पाया हलत नाही, आणि एकल वादनामागे येणारे पितळी वाद्यांचे छोटे लयबद्ध तुकडे ऐकताना क्लेटनमधला संगीत-संयोजक दिसतो. तरीही तो इतरांना इतकी जागा देतो की त्याचीच वाट पाहत बसावे लागते, आणि काही सॅक्सोफोनवादकांचे बोलणे संपत आल्यावरही ते उठत नाहीत. त्याच मालिकेतल्या ‘रॉबिन्स नेस्ट’ची सैल, मध्यम लय मला अधिक मानवली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओठांच्या दुखण्याने त्याचे वादन थांबले, तेव्हा संयोजनाचे हेच अंग त्याच्या कामी आले. १९८७ मध्ये तो पुन्हा स्वतःचा वाद्यवृंद घेऊन उभा राहिला.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रणांचा मी प्रथम घेतलेला स्वस्त संच खरखर घालवण्याच्या नादात इतका घासलेला निघाला की कप-म्यूटच्या स्वरामागचा श्वासही त्याबरोबर गेला होता. नंतर मिळालेल्या दुसऱ्या प्रतीत खरखर भरपूर आहे, आणि मी तीच ऐकतो.