गेजचा काटा शून्यावर होता, गॅस मात्र पूर्ण होता

आमच्याकडे दीड टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी आहे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर गेला आणि ऐन दुपारी त्यातून नुसता वारा यायला लागला. आईला दमा आहे, कूलरची ओल सोसत नाही. तिचा जीव घाबरा होताना पाहून मी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर' टाकलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. वॉरंटी कार्ड कपाटात होतं, त्यावर खरा नंबर होता. ते काढायला दोन मिनिटं लागली असती.

तासाभरात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घातलेला मुलगा आला. फिल्टर पाहिला नाही, बाहेरच्या युनिटचं झाकण उघडलं नाही, थेट गॅसचा दाब दाखवणारा गेज जोडला. काटा शून्यावर.

"ताई, गॅस पूर्ण लीक झाला. कॉम्प्रेसर जळायच्या आत भरून घ्या. आईंकडे बघा ना, किती त्रास होतोय."

आईचं नाव काढलं तिथे मी विचार करणं सोडलं. "आत जाऊन रिमोट १८ वर ठेवा," म्हणून त्याने मला खोलीत पाठवलं. वीस मिनिटांत काम संपलं आणि खोली खरंच गार झाली. गॅसचे ३,८०० आणि लीकेजचे १,२०० असे ५,००० रुपये मी त्याच्या खासगी यूपीआयवर पाठवले. बिल साध्या कागदावर, जीएसटी क्रमांक नाही.

अकराव्या दिवशी पुन्हा तेच. त्याचा फोन बंद. वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर विचारलं तर ते म्हणाले, आमच्याकडून कोणी आलंच नव्हतं.

मग गल्लीतल्या फ्रिज दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी कशालाही हात लावण्याआधी बाहेरच्या युनिटजवळ उभं राहून कान दिला. पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर 'घूं' करून काही सेकंदांत 'टक' होऊन बंद पडायचा. हा 'टक' आवाज मी पहिल्या दिवशीही ऐकला होता. काका म्हणाले, कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जो धक्का लागतो तो कपॅसिटर देतो. तो कमजोर झाला की मोटर फिरत नाही, तापते आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर बंद करणारा स्विच, तिची वीज तोडतो. एमसीबी पाडून त्यांनी झाकण उघडलं. कपॅसिटर फुगलेला. हवा होता ५० मायक्रोफॅरडचा, मीटरवर ११ दिसले. वर तो जुना, दुसऱ्या कुठल्या तरी मशीनमधून काढलेला. म्हणजे त्या मुलाला खरा दोष पक्का कळला होता. मला आत पाठवून त्याने गुपचूप वापरलेला कपॅसिटर बसवला आणि पैसे गॅसचे घेतले. नवा कपॅसिटर आणि मजुरी धरून काकांनी ७०० रुपये घेतले.

गेजवर शून्य कसं दिसलं? गेजची नळी ज्या व्हॉल्वला जोडतात त्यात बारीक पिन असते. नळी अर्धवट फिरवली की ती दाबलीच जात नाही आणि काटा हलत नाही. आमच्या युनिटच्या स्टिकरवर आर-३२ लिहिलंय. या गॅसचा दाब मशीन बंद असतानाही उन्हाळ्यात २०० पीएसआयच्या वर असतो, म्हणजे नळी नीट जोडली असती तर काटा शून्यावर राहिलाच नसता. माझ्या मुलीने त्या दिवशी सहज फोटो काढला होता. त्यात त्याच्या सिलिंडरवर आर-२२, म्हणजे दुसऱ्याच गॅसचं नाव, स्पष्ट वाचता येतं! तो खरंच भरला असता तर मशीन बिघडलं असतं. काकांनी गेज नीट लावून पाहिलं, दाब जिथे हवा तिथेच होता. एक ग्रॅमही भरलेला नव्हता.

गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर गळती असते, आणि ती कुठे आहे हे साबणाच्या फेसाने दाखवायला सांगा. भरण्याआधी नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावतात, आर-३२ वजनकाट्यावर मोजून भरतात, किती ग्रॅम ते स्टिकरवर असतं. यातलं काहीच न करता कोणी वीस मिनिटांत गॅस भरला म्हणत असेल तर पैसे देऊ नका. जुना सुटा भाग परत मागा. कपॅसिटरला मात्र स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला असू शकतो.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोटो आणि यूपीआयची पावती जोडली. शोधात आलेल्या त्या नंबरचीही तक्रार केली. आज सकाळी पुन्हा पाहिलं. कंपनीच्या नावाखाली तो नंबर अजून सगळ्यात वर आहे.